पंडिता रमाबाई व केडगावचा संसार

पंडिता रमाबाई ह्यांचे नाव निघाले म्हणजे आपल्या सुशिक्षित मंडळींत अजूनही दोन तट पडतात. एक तट त्यांस धर्म सोडून गेलेली विदुषी म्हणून बाजूस सारतो. दुसरा त्यांस साध्वी ठरवून हात जोडतो आणि आपल्या वाटेने चालू लागतो. दोहोंचा दोष एकच. बाईंनी आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे प्रत्यक्ष काय केले, हजारावर माणसांचे ते घर कसे चालविले, त्यात कोण राबले, काय शिकले, काय खाल्ले, हे पाहण्याची तसदी दोहोंपैकी कोणीच घेत नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या. त्यास शंभरावर वर्षे लोटली. राग निवावा आणि आंधळी भक्तीही ओसरावी, इतका हा काळ पुरेसा आहे. धर्मांतराचे मंडन किंवा खंडन हा आमचा विषय नव्हे. एखाद्या माणसाने आपला धर्म पुस्तकात न ठेवता घरात, शेतात आणि स्वयंपाकघरात कसा उतरविला, एवढेच आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. व्यापारी वर्गाने हे चरित्र विशेष लक्ष देऊन वाचावे. कारण खर्ची पडलेला पैसा आणि सार्थकी लागलेला पैसा ह्यांतील भेद त्यांस इतरांहून अधिक कळतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे ह्यांजपाशी शिकत असता पेशव्यांच्या वाड्यात स्त्रीच्या तोंडून संस्कृत श्लोक त्यांच्या कानी पडले, आणि आपणही आपल्या पत्नीस ही विद्या द्यावी असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्या वडीलधाऱ्यांपुढे काही चालले नाही. ती वारल्यावर दुसरी पत्नी लक्ष्मीबाई घरात आली तेव्हा ती नऊ वर्षांची व शास्त्रीबोवा चाळिशी ओलांडलेले. हा विवाह आम्हांस मुळीच रुचत नाही, हे सांगून टाकलेले बरे. परंतु त्या विवाहातून पुढे जे घडले ते त्या काळी विरळा होते. लक्ष्मीबाई संस्कृत शिकल्या, इतक्या की पुढे मुलीची गुरू तीच झाली. स्त्रीस देववाणी शिकविल्याबद्दल शास्त्रीबोवांस उडुपी येथील शास्त्रीमंडळापुढे जाब द्यावा लागला. त्यांनी ग्रंथांचे आधार काढून तो दिला, आणि मग लोकांच्या जिभांपासून दूर म्हणून अरण्यात पाठशाळा थाटली.

आतिथ्य व दानधर्म ह्यांत ते घर बुडाले. रमा सहा महिन्यांची असता सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ही मुलगी वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावरून डोंगर उतरली. पुढली कित्येक वर्षे देवळाच्या ओवरीत पुराण सांगावे, जे पडेल त्यावर गुजराण करावी आणि पुढले गाव धरावे, असा क्रम चालला. ह्या फिरत्या घरात पहाटे आई मुलीस संथा देई. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीस मुखोद्गत होते. सन १८७४ च्या पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा ह्या कुटुंबाजवळ विद्या पुष्कळ होती आणि धान्य मुळीच नव्हते. मजुरी करण्याची लाज आणि भीक मागण्याचा संकोच ह्यांत आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण, अशी माणसे गेली. रमा व भाऊ श्रीनिवास एवढी दोघे उरली, आणि पायी चालत, उपाशी राहत, थंडीच्या रात्री वाळूत खड्डा करून त्यात अंग पुरून झोपत देशभर फिरली. पुढे केडगावचे जे घर उभे राहिले, त्याचा पाया येथे शोधला पाहिजे असे आमचे मत आहे. ज्या मुलीने अन्नावाचून आपली माणसे मरताना पाहिली, तिच्यापुढे दुष्काळातली पोरकी मुले ही दानधर्माची बाब नव्हती. ती तिच्या घरची बाब होती.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तीस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन ह्यांनी वेद वाचावयास दिले. शूद्राप्रमाणे स्त्रीसही त्याचा अधिकार नाही, असे ती तोपर्यंत मानून चालली होती. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी. सिल्चरला संसार थाटला, मनोरमा ही मुलगी झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा असे सर्व गेलेली ही विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली.

पुण्यातील तिचे एक वर्ष सर्वश्रुत आहे. आर्य महिला समाज स्थापन झाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक निघाले, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे तिने स्त्रियांस शिक्षिका व वैद्य करण्याची आवश्यकता मांडली. त्या पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेचे भाडे निघाले, हे आमच्या व्यापारी वाचकांनी ध्यानात ठेवावे. कोणा धनिकाच्या वर्गणीवर ती गेली नाही. वैद्यकी शिकावी हा हेतू होता. परंतु कानांनी दगा दिला, ऐकू कमी येऊ लागले, आणि तो बेत कायमचा सुटला.

विलायतेत वाँटेज येथे इंग्रज ख्रिस्ती भगिनींचा एक मठ होता, तेथे ती उतरली. मठ म्हटला म्हणजे आपल्यापुढे भिंतीआडचा जपजाप्य येतो. ह्या भगिनी तसल्या नव्हत. एकत्र राहावे, नेमाने प्रार्थना करावी, वाचावे, आणि उरलेला सगळा वेळ लोकांच्या कामात घालावा, अशी त्यांची रीत होती. लंडनजवळ फुलहॅम येथे त्यांनी वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले घर रमाबाईंनी पाहिले. ज्या स्त्रीस समाज एकदा टाकतो तीस पुन्हा उभे राहावयास जागा असते, आणि ती जागा देणारे लोक तिचा तिरस्कार न करता तिच्याबरोबर जेवतात, ही गोष्ट तिने आपल्या शास्त्रांत शोधली होती व तीस ती सापडली नव्हती. येशू आणि शोमरोनी स्त्री ह्यांच्या संवादाची कथा तिला त्या भगिनींपैकीच एकीने वाचून दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिने मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ह्या बातमीने पुण्यात जो संताप उसळला तो अनपेक्षित नव्हता. तिच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत जोतीराव फुले हे एक होते. सत्सार ह्या आपल्या पुस्तकात त्यांनी १८८५ साली तिची बाजू घेतली. पण ज्यांस वाटले की ही बाई आता पाद्र्यांच्या हातचे बाहुले होईल, त्यांचा अंदाज साफ चुकला. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात डॉरोथिया बील ह्या विदुषीच्या हाताखाली ती गणित, शास्त्रे व ग्रीक शिकत होती आणि संस्कृत शिकवीत होती. पुरुष विद्यार्थ्यांस तिने शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. तिने उलट पत्रे लिहून आपला विवेक कोणा धर्माधिकाऱ्याच्या हाती देण्यास नकार दिला. त्रैक्याच्या सिद्धांतावरही तिने त्यांशी वाद घातला. उडुपीच्या शास्त्र्यांस जाब देणाऱ्या बापाची ती मुलगी होती. तिने फक्त शास्त्री बदलले होते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी ती फिलाडेल्फियास गेली आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर तिने १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्यातून व व्याख्यानांतून बोस्टन येथे एक मंडळ उभे राहिले. त्याने दहा वर्षे विधवांच्या शाळेचा खर्च सोसण्याचे पत्करले. अट अशी की शाळेत कोणाच्या धर्मात हात घालावयाचा नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. गोदूबाई ही पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे सदन पुण्यास आले. ब्राह्मण मुलींस त्यांचे सोवळेओवळे पाळण्याची, स्वतंत्र स्वयंपाकाची मुभा होती. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांसारखे गृहस्थ सल्लागार होते.

१८९३ सालचा तंटा येथे टाळता येत नाही. बाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत, आणि दार लावीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या, काहींचे मन तिकडे वळले. केसरीने कडक टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पंचवीस मुली काढून नेण्यात आल्या. न्याय कोणता? आमच्या मते दोन्ही बाजूंस काही खरे होते. ज्या पालकांनी तटस्थतेच्या शब्दावर मुली पाठविल्या, त्यांस फसल्यासारखे वाटले तर नवल नाही. वीस वर्षांच्या विधवेवर तिच्या एकमेव उपकारकर्तीच्या नुसत्या उघड्या दाराचे वजन किती पडते, हे बाईंच्या ध्यानात यावयास हवे होते. परंतु ज्या समाजाने त्या मुलीचे केस काढले, तीस अंधारकोठडीत बसविले, आणि तिच्यासाठी एकही शाळा काढली नव्हती, त्यास तिच्या आत्म्याची काळजी एकाएकी कोठून सुचली, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्या तंट्याचे एक फळ मात्र उत्तम. गोदूबाईंनी १८९३ सालीच अण्णासाहेब कर्वे ह्यांशी पुनर्विवाह केला होता, आणि १८९६ साली कर्व्यांनी हिंदू विधवांसाठी आपला आश्रम काढला. राजीनामे देणारांपेक्षा अशा उत्तराची आम्हांस अधिक चाड आहे.

आता केडगाव. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर हे स्टेशन आहे. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षे संपत आली तेव्हा पुढे काय, ह्या काळजीने बाईंनी तेथे सुमारे १०० एकर माळरान विकत घेतले होते. फळझाडे लावावी, विहिरी खणाव्या आणि त्या उत्पन्नावर शाळा चालवावी, असा व्यवहारी हिशेब. घर बांधण्याचा विचार तेव्हा नव्हता. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. बाई निघाल्या, मदतीच्या छावण्या पाहिल्या, आणि तेथे तरुण मुलींस नेण्यासाठी कोणत्या प्रकारचे लोक घिरट्या घालीत होते तेही पाहिले. काही महिन्यांत तीनशेच्या घरात मुली त्यांनी आणल्या. इतक्यात पुण्यात प्लेगाची धामधूम सुरू झाली. शहरात नवीन माणसे ठेवण्यास मनाई झाली. आणि ह्या सर्व मुली केडगावच्या माळावर झोपड्या घालून राहिल्या. त्या वस्तीचे नाव मुक्ती पडले.

ह्याच वेळची एक गोष्ट सांगून पुढे जातो. प्लेगाच्या बंदोबस्तात पुण्याच्या स्त्रियांची जी विटंबना चालली होती, तिजविरुद्ध बाईंनी १८९७ साली वर्तमानपत्रात नावानिशी पत्र लिहिले. गोखले ह्यांनी विलायतेत त्याचा आधार घेतला. गव्हर्नरांनी आरोप नाकारला. बाईंनी माघार घेतली नाही. ख्रिस्ती झालेली बाई सरकारची बटीक असते, असे जे म्हणत त्यांनी हे पत्र सोयीस्करपणे विसरून टाकले.

१९०० सालच्या सुमारास गुजरातेतील दुष्काळाने आणखी मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती २००० च्या घरात गेली. एका खेड्याएवढी वस्ती, आणि त्यात बहुतेक सर्व स्त्रिया व मुले! आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी लग्नकार्यात दोनशे पाने उठली आहेत, त्यांनी दररोज दोन वेळा इतक्या तोंडांची व्यवस्था म्हणजे काय ह्याची कल्पना करावी. मराठी, गुजराती, हिंदी व कानडी बोलणाऱ्या मुली एका आवारात. पुष्कळांची हाडे दिसत होती. कित्येकींस चोरून, हिसकावून खाण्याची सवय लागलेली. बाईंनी ह्या घराची रचना अशी केली की थोरलीने धाकटीस सांभाळावे. शिकलेल्या विधवा शिक्षिका झाल्या, त्यांच्या हाताखालच्या मुली पुढे इतरांच्या मुख्या झाल्या. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस काम. शेत, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, भांड्यांस कल्हई, आणि छापखाना, अशी कामे मुलीच करीत. येथे कोणी मोलकरीण नव्हती, कारण सर्वच तशा होत्या. शारदा सदनात जी स्वतंत्र चूल होती ती मुक्तीत गेली. ब्राह्मणाची विधवा आणि मध्यप्रांतातील गोंडाची पोरकी मुलगी एका पंगतीस बसू लागल्या. आमच्या सुधारकांच्या सभांत सहभोजनाचे ठराव होत असता हे येथे काही गाजावाजा न होता रोज चालले होते.

फसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन अशी निराळी घरे निघाली. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयाची लिपी शिकविली जाई, आणि त्या कामात मनोरमाबाईंचा मोठा भाग होता. आंधळीला अक्षरे आणि वेश्येला पंगत! ह्या दोन गोष्टी आमच्यापैकी कोणत्या संस्थेने त्या काळी केल्या होत्या, हे ज्यास ठाऊक असेल त्याने आम्हांस अवश्य कळवावे.

पैशाचे काय, हा प्रश्न व्यापारी वाचक विचारणारच. ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर ह्यांनी ठरलेल्या वर्गणीवाचून, केवळ देवावर भार टाकून हजारो अनाथ मुले पोसली, हे बाईंनी वाचले होते. १८९८ पासून त्यांनी आपले घर त्याच तत्त्वावर ठेवले. हे ऐकून कोणास हसू येईल, आणि आम्हीही उधारीवर विश्वासाचे दुकान मांडण्याचा सल्ला कोणास देणार नाही. परंतु बाईंचा विश्वास आळशाचा नव्हता. प्रार्थना करून त्या विहीर खणावयास लावीत, झाडे लावीत, आणि जे मिळाले त्याचा हिशेब देणाऱ्यांस छापून देत. पैशाचा ओघ आटला की त्यांनी माणसे काढून दिली नाहीत. खर्च कमी करण्याची जागा त्यांस ठाऊक होती, आणि ती जागा त्यांच्या स्वतःच्या ताटापासून सुरू होत असे. अंगावर जाड्याभरड्या सुताचे पांढरे पातळ, खांद्याशी कापलेले केस, जमिनीवर बसून काम. आयुष्यभर त्यांनी मांसाहार केला नाही. विलायतेतील मठात राहून आल्या, अमेरिकेत वर्षे काढली, तरी आपला पेहराव व आपले अन्न त्यांनी सोडले नाही. धर्म बदलला म्हणजे टोपी व काटेचमचे आलेच, असे ज्यांस वाटते त्यांनी ह्या पांढऱ्या पातळाकडे पाहावे. आणि धर्म न बदलताही ज्यांनी टोपी व काटेचमचे घेतले आहेत त्यांनीही पाहावे.

ह्या घरावर आमचा एक आक्षेप आहे, तो लपवीत नाही. दुष्काळात उचललेल्या मुली, ज्यांस खाऊ घालणारे दुसरे कोणी नाही, त्या ज्या हाताने अन्न दिले त्या हाताचा धर्म घेतात, तेव्हा त्या निवडीस मोकळी निवड म्हणणे कठीण आहे. मुक्तीतील बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. १९०५ साली तेथे प्रार्थनेचा असा लोट आला की मुली तासचे तास रडत, गात, थरथरत. अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स बाईंनी त्याचे वर्णन लिहिले व ते देशोदेशी गेले. बाईंस त्यात ईश्वराचा हात दिसला. आम्हांस त्या उमाळ्यात पोटात दाबून ठेवलेल्या दुःखाचाही भाग दिसतो. ज्या मुलींनी आपली आईबापे रस्त्यात पडलेली पाहिली त्यांस रडावयास आजवर जागा तरी कोणी दिली होती? पण आक्षेप घेणाऱ्याने पुढला प्रश्नही सोसला पाहिजे. १८९७ साली मध्यप्रांताची गाडी सर्वांस मोकळी होती. आमच्या श्रीमंत देवस्थानांतून, पेढ्यांतून, धर्मशाळांतून त्या गाडीत बसून मुली आणण्यास किती लोक निघाले?

ह्या दोन हजारांच्या गर्दीत बाईंनी जे विद्येचे काम आरंभिले ते आम्हांस त्यांच्या सर्व कामांत मोठे वाटते. मराठीत बायबल होते. मिशनऱ्यांनी पंडितांच्या साहाय्याने ते केलेले. त्याची भाषा संस्कृतप्रचुर, दरबारी. केडगावच्या मुली ते वाचीत, आणि अर्थ लागत नसे. बाईंनी पन्नाशीकडे झुकलेल्या वयात हिब्रू भाषा शिकावयास घेतली, चेल्टनहॅमला घेतलेले ग्रीक पुन्हा उजळले, आणि मुळावरून सगळे बायबल सोप्या मराठीत आणण्यास बसल्या. हे काम सतराअठरा वर्षे चालले. भागवताचे अठरा हजार श्लोक ज्यांच्या जिभेवर, ज्यांस कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटले, त्यांनी आपल्या संस्कृतावर स्वतःच्या हाताने पाणी सोडले. शब्द असा हवा की जो खेड्यातल्या दळणाऱ्या बाईस कळेल. ज्या शब्दास आपल्या तत्त्वज्ञानाचा वास येतो, तो घेतला तर वाचणारीच्या मनात निराळाच अर्थ उभा राहील, म्हणून तसे शब्दही त्या टाळीत. अशा शब्दांस पर्याय शोधणे म्हणजे मराठीच्या तळाशी हात घालणे. पंडितास कठीण लिहिणे सोपे असते; सोपे लिहिण्यास त्याला आपली अर्धी विद्या विसरावी लागते, आणि ती विसरण्याइतकी पक्की असावीही लागते.

मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, फर्मे छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या ह्या दुष्काळात आलेल्या मुलीच. त्यांतल्या कोणास पुण्यामुंबईच्या शिक्षित पुरुषांनी अक्षरओळखीच्याही लायक मानले नसते. भाषांतरातील दोषही सांगितले पाहिजेत: मुळाच्या शब्दाशी चिकटून राहण्याच्या हट्टामुळे वाक्ये पुष्कळ ठिकाणी अवघडतात, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ते फारसे रूढ झाले नाही. तरीही एका स्त्रीने इतका मोठा ग्रंथ मूळ भाषांवरून एकहाती करावा, आणि स्त्रियांनीच तो छापावा, असे उदाहरण आमच्या माहितीत दुसरे नाही. मराठी गद्याच्या इतिहासात त्यास दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, हे ख्रिस्ती असण्याचे फळ की स्त्री असण्याचे, हे इतिहासकारांनीच सांगावे.

सरकारने १९१९ साली त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. त्याने केडगावच्या दिनक्रमात काही फरक पडल्याचे दिसत नाही. खरा फरक पडला तो १९२१ च्या जुलैत. मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांची, पदवीधर, आईच्या पाठीमागे हे घर सांभाळील म्हणून जिच्याकडे सर्वांचे डोळे लागलेले, अशी ती एकुलती एक मुलगी. सिल्चरहून जिला पोटाशी धरून आणले, जिच्यासह बाप्तिस्मा घेतला, ती आधी गेली. कानांनी ऐकू येत नाही, शरीर थकलेले, आणि भाषांतराची शेवटची मुद्रिते अजून तपासावयाची. बाईंनी शोकात अंथरूण धरले नाही. हाती राहिलेले काम पुढे नऊ महिने चालविले, आणि ते हातावेगळे करून त्या गेल्या. केडगावच्या आवारातच त्यांस मूठमाती दिली.

संस्था मात्र बाईंबरोबर गेली नाही, आणि आमच्या इकडे ही गोष्ट थोडकी नव्हे. कर्ता माणूस गेला की दुसऱ्या पिढीत कोर्टाची पायरी चढलेल्या किती संस्था वाचकांस ठाऊक असतील. मुक्तीचे घर आजही केडगावास चालू आहे, आणि निराधार स्त्रिया व मुले आजही तेथे राहतात. १९८९ साली सरकारने बाईंच्या नावाचे टपाल तिकीट काढले. बाईंचे संपूर्ण बायबल त्यांच्या मागून १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. ते हाती आले तेव्हा प्रस्तुत घरात त्यावर पहिली नजर टाकणाऱ्या मुलींस त्यातला शब्द न् शब्द आधीच ठाऊक होता. त्याचा एकेक खिळा त्यांनीच लावला होता.